च्यू युआनचा मसुदा: निष्ठावंत कवीची गोष्ट पडद्यावर कुठून सुरू व्हावी?

शाईदौत (धागाकर्ता):

हाँगकाँगमध्ये तयार होऊन १९७७ साली प्रदर्शित झालेला ‘च्यू युआन’ हा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. दिग्दर्शक बाओ फांग यांनी मुख्य भूमिकाही स्वतःच केली आहे. चित्रपटाचे परीक्षण करण्याचा माझा हेतू नाही. तो पाहून झाल्यावर सीमा च्येन या इतिहासकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आरंभी पूर्ण केलेल्या ग्रंथातील च्यू युआनचे चरित्र पुन्हा काढून वाचले, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. या माणसाची निष्ठा दाखवायची म्हटली की नाटककार आणि दिग्दर्शक कोणती घटना उचलतात आणि कोणती गाळतात, हा तो प्रश्न.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये सात मोठी राज्ये एकमेकांशी लढत होती. यांगत्झे नदीच्या मधल्या खोऱ्यात पसरलेले छू हे त्यांतील एक मोठे राज्य, आणि च्यू युआन तेथील राजकुळाच्या एका शाखेतला. ह्वाय राजाच्या दरबारात तो आत बसून राजाशी राज्यकारभाराची मसलत करी आणि बाहेर येऊन परराज्यांच्या वकिलांशी बोलणी करी. पश्चिमेच्या छिन राज्यावर विश्वास ठेवू नये आणि पूर्वेच्या छी राज्याशी असलेले सख्य तोडू नये, असे त्याचे मत होते. ते मानले गेले नाही. त्याला दूर सारले गेले, पुढे हद्दपार केले गेले. इसवी सनापूर्वी २७८ मध्ये छिनच्या बाय ची या सेनापतीने छूची राजधानी यिंग घेतली आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्याच सुमारास च्यू युआनने आजच्या हूनान प्रांतातील मीलुओ नदीत दगड कवटाळून जीव दिला.

आता मुद्द्याकडे येतो. त्याचे आणि राजाचे बिनसले कशावरून? सीमा च्येन हे फार थोड्या शब्दांत सांगतो. राजाने च्यू युआनला कायद्यांचा मसुदा तयार करायला सांगितले होते. तो मसुदा अजून पुरा झालेला नसताना शांग्वान नावाच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याने तो पाहिला आणि त्याला तो हिसकावून घ्यावासा वाटला. च्यू युआनने दिला नाही. तेव्हा त्या अधिकाऱ्याने राजाचे कान भरले: महाराज, च्यू युआनकडून आपण आज्ञा लिहून घेता हे सगळ्यांना माहीत आहे, आणि प्रत्येक आज्ञा निघाली की तो म्हणतो, माझ्यावाचून हे कोणाला जमले नसते. राजा रागावला आणि त्याने च्यू युआनला दूर केले. एवढेच. एका अपुऱ्या मसुद्यावरून एका कारकिर्दीचा शेवट झाला.

ग्वो मोरुओ यांनी १९४२ च्या जानेवारीत दहा दिवसांत लिहिलेल्या आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये चोंगचिंग येथे रंगमंचावर आलेल्या पाच अंकी नाटकात हा प्रसंग बदलला आहे. तेथे राजाची लाडकी राणी जंग श्यू नृत्याच्या तालमीत घेरी आल्याचे सोंग करून कवीच्या अंगावर कोसळते आणि राजा येताच त्याने आपल्यावर हात टाकला असा कांगावा करते. नाटक म्हणून प्रसंग जबरदस्त आहे, हे मी मान्य करतो. सबंध नाटक एका दिवसात, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत घडते, आणि एवढ्या अवधीत माणसाला राजमान्यतेवरून रसातळाला न्यायचे तर असा धक्का हवाच. पण त्यामुळे कवीचे पतन होते ते एका खोट्या आळापायी. मूळ चरित्रात ते होते त्याच्या कामापायी. आळ कोणावरही येऊ शकतो, त्याला निष्ठा लागत नाही. हातातला कागद वरिष्ठांच्या मर्जीतल्या माणसाने मागितला असता तो पुरा होईपर्यंत न देणे, याला मात्र निष्ठा लागते. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला तो क्षण फार ओळखीचा वाटतो.

कागद म्हणालो खरा, पण तेव्हा कागद नव्हता, बांबूच्या पट्ट्या होत्या. हूबेई प्रांतात बाओशान येथे १९८७ साली छू राज्याच्या एका न्यायखात्याच्या अधिकाऱ्याचे थडगे उघडले गेले. शाओ तुओ हे त्याचे नाव. तो इसवी सनापूर्वी ३१६ मध्ये, म्हणजे ह्वाय राजाच्याच कारकिर्दीत पुरला गेला. त्याच्यासोबत मजकूर लिहिलेल्या २७८ पट्ट्या निघाल्या. दोन फुटांहून लांब, बोटाएवढ्याही रुंद नाहीत, आणि त्यांवर कुंचल्याने उभ्या ओळीत लिहिलेली अक्षरे. खटल्यांच्या नोंदी आहेत, तारखा आहेत, कोणते प्रकरण कोणाकडे सोपवले ते आहे. च्यू युआन ज्या दरबारात मसुदा लिहीत होता त्याच दरबाराचे हे दफ्तर. चूक झाली तर लहानशा सुरीने अक्षर तासून काढायचे आणि त्या जागी पुन्हा लिहायचे, ही त्या काळची रीत. चित्रपट करणाऱ्याने केवळ हे दाखवावे: रात्र, तासलेल्या बांबूचा भुसा मांडीवर, आणि दारात उभा राहून पट्ट्यांकडे पाहणारा शांग्वान. मला वाटते, सारी गोष्ट तेथून सुरू व्हायला हवी. तुमचे काय मत आहे?

रंगपीठ:

शाईदौत, तुमचा मुद्दा समजला, परंतु त्या नाटकावर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. ते कोणत्या गावात आणि कोणत्या साली उभे राहिले ते विसरून चालणार नाही. १९४२ चे चोंगचिंग म्हणजे जपानी आक्रमणामुळे मागे हटलेल्या सरकारची युद्धकालीन राजधानी. त्याआधीच्या वर्षी, १९४१ च्या जानेवारीत, आन्ह्वी प्रांताच्या दक्षिणेस राष्ट्रवादी फौजांनी कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सैन्याच्या तुकडीवर हल्ला केला होता. दोघांनी मिळून जपानशी लढायचे ठरलेले असताना हे घडले. त्याविषयी उघडपणे लिहिणे शक्य नव्हते. शत्रूशी लढण्यासाठी बांधलेली युती आपल्याच दरबारातली माणसे मोडतात, हे सांगायला ग्वो मोरुओ यांना दोन हजार वर्षांपूर्वीचा राजा आणि त्याचा कवी सापडला. प्रेक्षकांना ते लगेच कळले.

मराठी नाटकवेड्याला हा मार्ग समजावून सांगावा लागत नाही. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कीचकवध’मध्ये कीचक कोण हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि सरकारलाही ते कळल्यामुळे १९१० मध्ये त्यावर बंदी आली. अशा नाटकाला मसुद्याची बारीक कुरबूर उपयोगी पडत नाही. त्याला भर दरबारातला अपमान लागतो.

शिवाय पाचव्या अंकातले ते दीर्घ स्वगत आठवा. देवळात कोंडलेला, बेड्या घातलेला कवी वादळाला, विजेला आणि गडगडाटाला हाक मारतो. हा सारा अंधार फोडून टाका, स्फोट होऊ द्या म्हणतो. जिन शान या नटाने ते चोंगचिंगमध्ये म्हटले तेव्हा त्यातले शब्द तरुण पोरे रस्त्याने ओरडत जात. मूळ चरित्रात असे काही नाही, आणि तरीही त्यात च्यू युआनचा खरा स्वर आहे, कारण ‘थ्येन वन’ या त्याच्या नावावरील दीर्घकवितेत तो आकाशाला दीडशेहून अधिक प्रश्न विचारतो आणि एकाचेही उत्तर देत नाही. नाटककाराने तो जाब विचारणारा आवाज घेतला आणि त्याला वादळात उभे केले.

लिपीवेडी:

धागा वाचून आनंद झाला. चिनी भाषेची विद्यार्थिनी म्हणून मसुद्याच्या वाक्याबद्दल एक गोष्ट नोंदवते. सीमा च्येनने जे क्रियापद वापरले आहे त्याचा सरळ अर्थ ‘हिसकावणे’ असाच होतो, परंतु काही अभ्यासक त्याचा अर्थ ‘बदलणे’ असा लावतात. तसे वाचले तर शांग्वानला मसुदा चोरून श्रेय घ्यायचे नव्हते. त्याला मजकुरात फेरफार करून हवा होता आणि च्यू युआनने त्याला संमती दिली नाही. मला दोन्ही वाचने शक्य वाटतात. पण दुसरे घेतले तर भांडण दोन माणसांच्या हेव्याचे राहत नाही, ते कायद्यात काय लिहिले जावे याचे होते. साधारण दोन पिढ्या आधी वू ची या मंत्र्याने छूमध्ये सरदारांच्या वंशपरंपरागत मिळकतींना हात घातला होता आणि राजा मरताच सरदारांनी त्याला राजाच्या प्रेतावरच बाणांनी मारले होते. च्यू युआनच्या मसुद्यात काय होते ते उरलेले नाही, पण त्या दरबारात कायद्याच्या एका ओळीवरून कोणाच्या जिवावर बेतू शकत होते हे यावरून दिसते.

दुसरे वेशभूषेबद्दल. कामानिमित्त काही महिने चांगशा शहरात राहिले असताना तेथील हूनान संग्रहालयात एक लहानसे रेशमी चित्र पाहिले होते. उंची साधारण ३७ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या पाटीहून थोडे अधिक. त्यात एक पुरुष लांब, नावेसारख्या ड्रॅगनवर उभा आहे. डोक्यावर उंच टोपी, हनुवटीखाली बांधलेली तिची फीत वाऱ्यावर मागे उडते आहे, कमरेला लांब तलवार आणि मुठीत लगाम. ‘ली साओ’ या च्यू युआनच्या प्रसिद्ध दीर्घकवितेत कवी स्वतःचे वर्णन करतो तेही उंच टोपी, कमरेला लटकणारे लांब अलंकार आणि कमळाच्या पानांचे वस्त्र असेच. हे चित्र चांगशाजवळ त्झ-तान-कू येथील छूकालीन थडग्यातून १९७३ मध्ये निघाले. त्याच थडग्यातून चोरांनी रेशमावर लिहिलेली पोथी १९४२ मध्ये काढून नेली होती आणि ती पुढे अमेरिकेत गेली. म्हणजे ज्या वर्षी चोंगचिंगमध्ये नाटक उभे राहत होते त्याच वर्षी छूचे अस्सल हस्तलिखित जमिनीतून बाहेर येत होते. १९७७ च्या चित्रपटाच्या वेळी ते चित्र हाती आलेले होते. बाओशानच्या पट्ट्या मात्र नव्हत्या, आणि छूच्या शेजारच्या ज्यंग या छोट्या राज्याचा अधिपती मार्क्विस यी याच्या थडग्यातली ६५ कांस्यघंटांची प्रसिद्ध जुळणीही नव्हती, ती १९७८ ची. आज कोणी हा चित्रपट करायला घेतला तर त्याला दरबाराचा आवाजसुद्धा ठाऊक असेल.

नदीकाठ:

चर्चा उत्तम चालली आहे, पण पायाचा प्रश्न कोणी विचारला नाही. च्यू युआन होऊन गेला याला आधार काय? सीमा च्येनच्या आधीच्या दीडशे वर्षांत त्याचा उल्लेख मोजक्यांनीच केला आहे आणि छिनने सारा चीन एकत्र करण्याआधीच्या कोणत्याही ग्रंथात त्याचे नाव नाही. विसाव्या शतकात हू शी यांच्यासारख्या विद्वानाने त्याच्या ऐतिहासिकतेवर उघड शंका घेतली. चरित्रातही विसंगती आहेत: त्याला दूर केले म्हणतात, आणि पुढच्याच प्रसंगी तो छी राज्यातून वकिली करून परत येतो. मग मसुद्याचा प्रसंग खरा आणि राणीचा खोटा, असे म्हणण्याला काय अर्थ उरतो?

शाईदौत (धागाकर्ता):

नदीकाठ, शंका रास्त आहे. सीमा च्येनचे चरित्र वेगवेगळे धागे जोडून शिवलेले आहे आणि त्याचे टाके दिसतात. पण कविता तरी जुन्या आहेत याला आता पुरावा आहे. आन्ह्वी प्रांतात फूयांग येथे इसवी सनापूर्वी १६५ मध्ये मरण पावलेल्या एका सरदाराच्या थडग्यात, १९७७ सालीच, बांबूच्या मोडक्या पट्ट्यांवर ‘ली साओ’ आणि ‘शे ज्यांग’ या दोन कवितांचे तुकडे मिळाले. एकावर चार अक्षरे, दुसऱ्यावर पाच. इतके थोडे, पण त्यामुळे या कविता सीमा च्येनच्या जन्माआधीच कोणीतरी जवळ बाळगत होते हे सिद्ध होते. राणीचा प्रसंग कोणी लिहिला आणि कधी, हे आपल्याला तारखेसकट ठाऊक आहे. मसुद्याचा प्रसंग निदान दोन हजार वर्षे त्या नावाला चिकटून आहे. मला एवढा फरक पुरेसा वाटतो.

रंगपीठ, चोंगचिंगच्या प्रेक्षकाला काय हवे होते याबद्दल तुम्ही लिहिलेले सर्व मला पटते. माझी तक्रार १९४२ च्या नाटकाशी नाही. त्यानंतरही आपण त्याच साच्यातून च्यू युआनकडे पाहत राहिलो, याचे वाईट वाटते.

आणि निष्ठेविषयी एक गोष्ट राहून गेली होती. त्या काळी हुशार माणसाने आपले राज्य सोडून दुसऱ्या राजाची चाकरी धरणे हे लाजिरवाणे मानले जात नव्हते. जमिनीचे खोटे वचन देऊन छूला फसवणारा जांग यी हा मंत्री मुळात वेई राज्याचा आणि नोकरी छिनची. वू चीही बाहेरचाच. सीमा च्येनने चरित्राच्या शेवटी स्वतःच म्हटले आहे की एवढ्या योग्यतेच्या माणसाने दुसऱ्या राज्यात फेरी मारली असती तर कोणत्या राज्याने त्याला ठेवून घेतले नसते? मग त्याने स्वतःवर ही पाळी का आणली? हा प्रश्न विचारणारा इतिहासकार साधासुधा नव्हता. पराभूत सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राटाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली होती, आणि मीलुओच्या काठी जाऊन आपण रडलो असे तो लिहितो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला ‘ली साओ’च्या अगदी अखेरीस सापडते. कवी आकाशमार्गाने निघाला आहे, आठ ड्रॅगन जोडलेला रथ, ढगांची निशाणे, गाणे, नाच, आणि आता खरोखरच तो देश सोडून जाणार असे वाटते. तेवढ्यात उजेडात खाली त्याचे जुने गाव दिसते. सारथ्याच्या डोळ्यांत पाणी येते. घोडे मान वळवून खाली पाहतात आणि पुढे पाऊल टाकत नाहीत. कवी स्वतःबद्दल त्या क्षणी काहीच बोलत नाही; घोडे थांबले एवढेच सांगतो.

मृद्गंध:

राणी जंग श्यूबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. तिचा कांगावा ग्वो मोरुओ यांचा असला तरी तिचा स्वभाव त्यांनी हवेतून काढलेला नाही. जुन्या ग्रंथांत तिची एक गोष्ट आहे. राजाला नवी सुंदर बाई नजराणा म्हणून मिळाली तेव्हा जंग श्यूने तिचे खूप कोडकौतुक केले, आणि विश्वास बसल्यावर सांगितले की राजाला तुझे नाक आवडत नाही, त्याच्यासमोर ते झाकत जा. मग राजाला सांगितले की तिला आपल्या अंगाचा वास सोसवत नाही. राजाने त्या बाईचे नाक कापवले. जांग यी छूच्या तुरुंगात सापडला असताना लाच घेतलेल्या दरबाऱ्यामार्फत हिच्याकडेच शब्द गेला आणि तो सुटला, हे तर सीमा च्येनही सांगतो. तेव्हा नाटककाराने या दोन गोष्टी एकत्र केल्या, असे म्हणणे जास्त योग्य होईल.

तरीही शाईदौत यांच्याशी मी एका बाबतीत सहमत आहे. राज्य बुडाले की दोष अंतःपुरात शोधायचा ही फार जुनी खोड आहे. आणि ते राज्य बुडाले कशाने, हे चरित्रात स्वच्छ लिहिले आहे. जांग यीने ६०० ली (ली हे अंतराचे चिनी माप) जमीन देण्याचे वचन दिले आणि ह्वाय राजाने त्या लोभाने छीशी सख्य तोडले. जमीन ताब्यात घ्यायला माणूस पाठवला तर जांग यी रथातून पडल्याचे निमित्त करून तीन महिने दरबारातच आला नाही. राजाला वाटले, आपण पुरेसे तोडले नाही म्हणून हे चालले आहे, म्हणून त्याने छीच्या राजाला शिव्या देण्यासाठी खास माणूस धाडला! त्यानंतर जांग यी बाहेर आला आणि म्हणाला, मी ६ ली म्हणालो होतो. इसवी सनापूर्वी ३१२ च्या लढाईत छूची ८०,००० माणसे कापली गेली असे सीमा च्येन लिहितो. एवढा प्रसंग असताना दिग्दर्शकाला राणीच्या घेरीची गरज का पडावी? ६०० चा आकडा राजाच्या कानांत घुमतो आहे आणि ६ चा आकडा ऐकून आलेला वकील परतीच्या रस्त्यावर आहे, हेच पुरेसे नाट्य आहे.

ओसरी:

मी या विषयात नवखा आहे. पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला ड्रॅगनच्या आकाराच्या नावांची शर्यत होते आणि पानांत बांधलेला चिकट भात खातात, तो सण याच्याच नावाने ना? चित्रपटात शेवट तोच असावा असे वाटते.

लिपीवेडी:

होय, त्याच्याच आठवणीने तो पाळला जातो. लोकांनी त्याला शोधण्यासाठी नावा लोटल्या आणि माशांनी त्याचे शरीर खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला, असे सांगतात. सणाच्या काही चालीरीती त्याहून जुन्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी रोगराई दूर ठेवण्याचा भाग त्यात स्पष्ट दिसतो, दाराला सुगंधी वनस्पतींच्या जुड्या टांगतात. नावांच्या शर्यतीवर चित्रपट संपवणे मला पटणार नाही. ढोल वाजू लागले की प्रेक्षकाच्या मनातला माणूस पुसला जातो.

माझ्या मते शेवट कोळ्याच्या प्रसंगावर व्हावा. नदीकाठी विस्कटलेल्या केसांनी फिरणाऱ्या कवीला म्हातारा कोळी ओळखतो आणि विचारतो, तुम्ही तर राजघराण्यांचे अधिकारी, येथे कसे आलात? सारे जग गढूळ, मी एकटा निर्मळ; सारे झिंगलेले, मी एकटा शुद्धीवर, म्हणून मला घालवून दिले, असे कवी सांगतो. कोळी म्हणतो, जग गढूळ असेल तर तुम्हीही चिखल ढवळा. कवी म्हणतो, नुकतेच न्हालेला माणूस टोपी घालण्याआधी झटकून घेतो. त्यापेक्षा नदीच्या माशांच्या पोटात गेलेले बरे.

सीमा च्येनने हा संवाद येथेच थांबवला आहे आणि पुढे कवीची एक कविता देऊन त्याला नदीत पाठवले आहे. ‘छू त्स’ या कवितासंग्रहातला पाठ मात्र पुढे जातो, आणि तो मला अधिक खोल वाटतो, कारण तेथे कोळ्याला हरवलेले नाही. तो किंचित हसतो, वल्हे मारतो आणि गाऊ लागतो: पाणी निवळ असेल तेव्हा मी त्यात टोपीची फीत धुईन, पाणी गढूळ असेल तेव्हा पाय धुईन.

शाईदौत (धागाकर्ता):

लिपीवेडीताई, हा शेवट मला मान्य आहे. त्या फितीमुळे तुम्ही चांगशाला पाहिलेल्या चित्रातली वाऱ्यावर उडणारी फीतही डोळ्यांसमोर आली. फक्त कवीला पाण्यात उतरताना दाखवू नये. त्याला काठावर उभे ठेवावे, आणि नाव दूर जाताना त्याच्याच नजरेतून दाखवावी. गाणे संपल्यावर त्या पाठात कोळ्याबद्दल एवढेच आहे: मग तो निघून गेला, आणि त्याच्याशी पुन्हा बोलला नाही.